नाव सोपं, जन्मतारीख अवघड: जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या तरुणांची खोटी ओळख

१९४४ च्या सुरुवातीला पॅरिसच्या मेट्रोत पोलिसांनी ॲडॉल्फो कामिन्स्की या बनावट कागद करणाऱ्या ज्यू तरुणाला अडवून कागद मागितले असते, तर खिशातून निघालेल्या कार्डावर नाव दिसलं असतं ज्युलियन केलर. धंदा कापड रंगवण्याचा. यातलं नाव खोटं होतं, पण धंदा अगदी खरा; कामिन्स्कीने कोवळ्या वयात रंगाऱ्याकडेच उमेदवारी केली होती. खोटी ओळख टिकवायची तर किती खोटं सांगायचं आणि कुठे थांबायचं, याचे काही पक्के ठोकताळे त्या दोन-तीन वर्षांत तयार झाले. ते बसवणाऱ्यांमध्ये विशीच्या आसपासची पोरंपोरी बरीच होती. हे ठोकताळे काय होते आणि का होते, ते इथे पाहू.

युद्धाआधी फ्रान्समध्ये प्रत्येक नागरिकाने ओळखपत्र बाळगायची सक्ती नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला. उत्तरेचा भाग जर्मनांनी ताब्यात घेतला, दक्षिणेत मार्शल पेतँचं व्हिशी सरकार आलं. या सरकारने २७ ऑक्टोबर १९४० च्या कायद्याने सोळा वर्षांवरच्या प्रत्येक फ्रेंच माणसाला ओळखपत्र सक्तीचं केलं. ज्यूंच्या कार्डावर ‘ज्यू’ असा शिक्का मारणं व्याप्त भागात त्याच वर्षी सुरू झालं होतं. दक्षिणेत ११ डिसेंबर १९४२ च्या कायद्याने तो शिक्का ओळखपत्र आणि रेशनकार्ड दोन्हींवर आला. मधल्या काळात, १६ आणि १७ जुलै १९४२ ला, पॅरिस आणि उपनगरांत सुमारे १३,००० ज्यूंची धरपकड झाली. त्यात ४,००० हून अधिक मुलं होती. तिथून पुढे बनावट कागद मिळणं न मिळणं हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला.

सक्ती आली, पण कार्डाच्या छपाईला एकसारखी शिस्त आली नाही. कोरी कार्डं स्टेशनरीच्या आणि तंबाखूच्या दुकानांत मिळत. माणूस कार्ड विकत घ्यायचा, फोटो लावायचा आणि साक्षीदार घेऊन पोलीस ठाण्यात किंवा मेअरच्या कार्यालयात जायचा. तिथे १३ फ्रँकचा, पुढे १५ फ्रँकचा रेव्हेन्यू स्टँप लागायचा, त्यावर आणि फोटोच्या कोपऱ्यावर शिक्का पडायचा, सही व्हायची. कार्डावर नाव, धंदा, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता, उंची, केस, डोळे, नाकाची ठेवण, चेहऱ्याचा रंग आणि बोटाचा ठसा एवढी माहिती. बनवणाऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच, कारण मुळात सगळी कार्डं एकसारखी नसल्याने जराशी वेगळी दिसणारी लगेच डोळ्यात भरत नसत.

आज एका क्रमांकावर माणसाची कुंडली निघते, म्हणून तेव्हाची तपासणी कशी चालायची ते सांगायला हवं. रस्त्यावरचा शिपाई फक्त कार्ड आणि चेहरा पाहायचा. त्याला शंका आली तर तो दुसरा कागद मागायचा: रेशनकार्ड, कामाचा दाखला, लष्करातून मोकळं केल्याचा दाखला. हे कागद एकमेकांशी जुळतात का, ही दुसरी पायरी. तिसरी पायरी म्हणजे कार्ड जिथून दिलं तिथे किंवा जन्मगावाला फोन करून नोंदवही पाहायला लावणं. पहिलीतून बहुतेक सगळे निसटायचे, दुसरीत बरेच अडकायचे, आणि तिसरीतून वाचायचं तर नोंदवहीतच सोय करून ठेवलेली असावी लागायची.

त्यामुळे बनावट कागदांचे दर्जे पडले. सगळ्यात हलकं म्हणजे कोरं कार्ड, कोरून काढलेला शिक्का आणि मनाने रचलेला माणूस. रबर किंवा लिनोलियमवर शिक्के कोरत. घाईत उकडलेलं, सोललेलं अंडं ताज्या शिक्क्यावर फिरवून तो दुसऱ्या कागदावर उतरवायची युक्तीही होती. अंड्यावर उलटा उठतो, कागदावर पुन्हा सुलटा. पण शाई वाळलेली असली की काहीच उठत नाही, आणि ताजी असली तरी ठसा फिकट येतो. त्याहून बरं म्हणजे खऱ्या, हयात माणसाचा तपशील उचलून त्याच्या नावाचं दुसरं कार्ड काढणं. जन्मगावाला फोन गेला तरी नोंद सापडते. धोका एवढाच की तो खरा माणूस कुठे, कुठल्या गुन्ह्यात, कुठल्या यादीत आहे हे तुम्हाला माहीत नसतं. सगळ्यात भक्कम कार्ड मेअरच्या कार्यालयातच तयार व्हायचं: खरा कागद, खरा शिक्का, खरी सही, वहीत नोंद, फक्त माणूस खोटा. खेड्यांत मेअरच्या कार्यालयाचा चिटणीस बऱ्याचदा तिथला शाळामास्तरच असायचा. असा एक मास्तर तयार झाला की कोरीव शिक्क्यांच्या अख्ख्या पेटीपेक्षा जास्त काम व्हायचं.

आता नाव. नवखा माणूस अगदी साधं, सर्रास आढळणारं फ्रेंच नाव निवडायचा आणि तिथेच चुकायचा. बोलण्यात जर्मन किंवा यिद्दिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) हेल असलेल्या मुलाला द्युपाँ आडनाव दिलं की पहिल्या वाक्यालाच ते उघडं पडतं. त्याला अल्सासचं, म्हणजे जर्मन वळणाची बोली बोलणाऱ्या सीमेवरच्या फ्रेंच प्रांतातलं आडनाव लागतं. केलर हे त्या धाटणीचं. शक्य तर पहिलं अक्षर कायम ठेवायचं, कारण सही करताना हात सवयीने वळतो आणि रुमालावर, कपड्यांवर आद्याक्षरं भरलेली असतात. पहिलं नाव तर बदलायचंच नाही असा अनेकांचा आग्रह, निदान लहान मुलांच्या बाबतीत. मागून हाक आली की मान वळते ती ओळखीच्या नावालाच. प्रागमध्ये १९३२ साली जन्मलेला, फ्रान्समध्ये पॉल झालेला फ्रीडलेंडर मोंत्ल्युसाँच्या कॅथलिक वसतिगृहात पॉल-आंरी फेर्लां झाला. पॉल तसंच, ‘फ’ तसाच. हाच मुलगा पुढे इतिहासकार सोल फ्रीडलेंडर म्हणून प्रसिद्ध झाला.

अल्सासच्या नावात एक खोच होती. तो प्रदेश जर्मनीने स्वतःत विलीन केला होता, आणि ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती करत होते. म्हणजे हेल लपवायला घेतलेलं नाव भलत्याच यादीत नेऊन बसवू शकत होतं. अशा वेळी कुटुंब फार पूर्वीच तिथून निघालं आणि मुलाचा जन्म दुसरीकडचा, असं रचावं लागायचं.

जन्मगाव निवडताना एकच कसोटी: तिथली वही तपासता येऊ नये. मे-जून १९४० च्या बॉम्बफेकीत उत्तरेतली काही गावं दप्तरांसकट जळाली होती, ती उपयोगी पडली. ८ नोव्हेंबर १९४२ ला दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं आणि तेव्हा फ्रान्सच्याच अमलाखाली असलेल्या अल्जीरियाशी संपर्क तुटला. त्यानंतर अल्जीरियातला जन्म सोयीचा झाला. अर्थात ही युक्ती पोलिसांनाही कळत होती. एकाच खोलीत अल्जियर्सला जन्मलेले चार गोरेपान तरुण सापडले, तर फोन करायची गरजच उरत नाही.

खरं दुखणं मात्र जन्मतारखेचं. कारण त्या फ्रान्समध्ये तरुणाचं वय म्हणजे नुसता आकडा नव्हता. प्रत्येक वर्षाला एखादा कागद चिकटलेला होता. १६ फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने १९२०, १९२१ आणि १९२२ साली जन्मलेल्या तरुणांना दोन वर्षांसाठी जर्मनीत सक्तीच्या मजुरीला पाठवायचं ठरलं. म्हणजे १९४३ मध्ये एकवीस वर्षांचा दिसणारा कुणीही कारखान्याचा, सवलतीचा किंवा नोंदणीचा दाखला दाखवू शकला पाहिजे. ज्यू नसलेल्या हजारो फ्रेंच मुलांनाही खोटी कार्डं लागू लागली ती याच कायद्यामुळे.

मग वय वाढवावं का? वाढवून पंचवीस केलं तर प्रश्न येतो, १९४० च्या लढाईत तू कुठे होतास, सैन्यातून सोडल्याचा दाखला कुठे आहे. दक्षिणेत वीस वर्षांच्या मुलांना ‘शांतिए द ला ज्यूनेस’ या सरकारी युवक शिबिरांत आठ महिने काढणं सक्तीचं होतं, त्याचाही दाखला. म्हणजे वय वाढवलं की बनवायच्या कागदांची संख्या वाढते, आणि प्रत्येक जादा कागद म्हणजे चुकायची एक जादा जागा. वय कमी करणं त्यामानाने स्वस्त पडायचं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे लष्कराचा कागद कुणी मागत नाही, शिबिराचा मागत नाही, आणि १९४३ मध्ये मजुरीच्या कायद्याच्या तो बाहेर असतो. मूकनाट्याचा पुढे जगप्रसिद्ध झालेला कलाकार मार्सेल मार्सो तेव्हा स्वतः विशीत होता. लाल क्रेयॉन आणि काळ्या शाईने तो इतर मुलांच्या कार्डांवरचं वय कमी करायचा, ते याच कारणासाठी.

पण वय उतरवायलाही मर्यादा होती. फोटोतल्या दाढीच्या खुणा एक वेळ झाकता येतात, रेशनकार्ड कसं झाकणार? फ्रान्समध्ये रेशनचे वर्ग वयावर बेतलेले होते: तीन वर्षांखालच्यांना ‘ई’, मग ‘जे१’, ‘जे२’, तेरा ते एकवीस वयाला ‘जे३’, त्यापुढे सत्तरीपर्यंत ‘ए’. ‘जे३’ वाल्याला साध्या प्रौढापेक्षा ब्रेड जास्त मिळायचा, म्हणून दुकानदार त्या कार्डाकडे निरखून पाहायचा. ओळखपत्र म्हणतं वय अठरा आणि रेशनकार्ड ‘ए’ वर्गाचं, तर पोलिसांआधी बेकरीवालाच विचारणार. शिवाय ओळखपत्र एकदा केलं की झालं, रेशनची तिकिटं मात्र पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची, तीही कार्यालयाच्या खिडकीवर, वहीत नाव असेल तरच. नुसतं ओळखपत्र देऊन मुलाला वाऱ्यावर सोडलं तर तो उपाशी तरी राहणार किंवा काळ्या बाजारात सापडणार. जंगलात लपलेल्या प्रतिकारगटांनी मेअरच्या कार्यालयांवर छापे घातले, ते बरेचदा रेशनच्या तिकिटांसाठी आणि कोऱ्या कार्डांसाठीच.

त्यात कायदेही बदलत राहिले. १ फेब्रुवारी १९४४ ला मजुरीच्या कायद्याची व्याप्ती पुरुषांसाठी सोळा ते साठ अशी झाली. आदल्या वर्षी विचारपूर्वक निवडलेली अठरा वर्षं त्या दिवसापासून कागदावर तरी सुरक्षित उरली नाहीत. कार्ड चांगलं असणं वेगळं आणि आजच्या तारखेला चालणारं असणं वेगळं. जुनं कार्ड बिनघोर वापरत राहणारे यात फसायचे.

कागदाच्या कामाकडे येऊ. ज्यू स्काउट संघटनेच्या गुप्त शाखेचं नाव होतं ‘ला सिझिएम’, म्हणजे सहावी. तिची माणसं आपसांत स्काउटांची टोपणनावं वापरत: पेंग्विन, पाणमांजर, कमळ. म्हणजे एका पोराला तीन नावं: घरचं, कार्डावरचं आणि गटातलं. पकडल्यावर कुणाला बोलतं केलं तरी त्याच्या तोंडून ‘पेंग्विन’च बाहेर पडावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कामिन्स्की या गटाकडे आला तो स्वतःसाठी कागद मागायला. तो जन्माने ब्युनोस आयर्सचा, १९२५ चा. अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून त्याचं कुटुंब द्राँसीच्या छावणीतून सुटलं होतं; पॅरिसजवळच्या या छावणीतूनच ज्यूंना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत धाडत. गटाची तेव्हाची अडचण होती वॉटरमन कंपनीची निळी शाई. तिने लिहिलेला मजकूर कार्डावरून जाता जात नव्हता. कामिन्स्कीला रंगाऱ्याकडच्या कामाखेरीज नॉर्मंडीतल्या एका दुग्धालयाचाही अनुभव होता. तिथे मलईच्या परीक्षणात मेथिलीन ब्लू हा रंग वापरत, आणि दुधातलं लॅक्टिक आम्ल तो रंग घालवतं हे त्याने पाहिलं होतं. वॉटरमनच्या शाईत तोच रंग असणार, हे ओळखून त्याने लॅक्टिक आम्ल सुचवलं, आणि ते लागू पडलं. ब्लीचिंगच्या पाण्यापेक्षा हे का चांगलं? ब्लीचने शाई जाते, पण कार्डाचा छापील रंगही जातो आणि कागद पिवळा पडून तिथे कुरतडल्यासारखा दिसतो. शिवाय कागदाची खळ निघाली की नवी शाई त्यावर पसरते. अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या की अनुभवी शिपायाचा अंगठा आधी तिथेच फिरतो.

पुसण्याचं काम एकेक कार्डाचं. मागणी वाढली तेव्हा कामिन्स्कीने अख्खी कागदपत्रंच छापायला घेतली: जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, रेशनकार्डं. छायाचित्रावरून ठसे करण्यासाठी रसायनाचा थर पत्र्यावर सारखा पसरावा लागतो; त्यासाठी लागणारं गरगर फिरणारं यंत्र त्याने सायकलच्या चाकापासून बनवलं. कोरंकरकरीत कार्ड तीन वर्षांपूर्वीचं आहे असं सांगून कोण विश्वास ठेवणार, म्हणून धूळ आणि पेन्सिलीची भुकटी लावून ते मळवायचं. एकदा दहा बालगृहांतल्या तीनशे मुलांवर छापा पडणार अशी खबर आली. हातात तीन दिवस आणि लागणारे कागद नऊशेच्या वर. तासाला तीस कागद होतात, म्हणजे तासभर झोपलो तर तीस माणसं मरतील, असा हिशेब मांडून तो जागत राहिला आणि शेवटी भोवळ येऊन पडला. ही हकिकत त्याने स्वतः सांगितलेली आहे. या कामाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत, आणि त्यातला व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे: पैसे घेतले की गिऱ्हाईक कोण, हे ठरवायचा हक्क जातो.

शांबों-स्यूर-लिन्योंच्या पठारावर ओस्कार रोझोव्स्की हा असाच आणखी एक. जन्म १९२३ चा, मनात डॉक्टर व्हायचं, पोटासाठी टाइपरायटर दुरुस्ती. दुरुस्तीच्या निमित्ताने सरकारी कार्यालयांत ये-जा होती. त्याचं सामान एका शेतावरच्या मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये लपवलेलं असायचं. झडती घेणारा कितीही कसून काम करणारा असला तरी पोळ्यात हात घालायला दोनदा विचार करतो.

एवढं करूनही कार्डं पकडली जायची, आणि बऱ्याच वेळा एकेकटी नाही, थप्पीने. एकाच हाताने, एकाच शिक्क्याने केलेल्या कार्डांपैकी एक उघडं पडलं की बाकीची सगळी नासतात. नीसमध्ये सिमोन जाकोब ही सोळा वर्षांची मुलगी सिमोन जाक्ये या नावाने राहत होती. ३० मार्च १९४४ ला, शालान्त परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, तिला रस्त्यात अडवलं. तिच्या आठवणींप्रमाणे तशाच बनावटीची कोरी कार्डं जर्मनांच्या हाती आधीच लागलेली होती. ती आउश्वित्झमधून जिवंत परतली. सिमोन वेल या नावाने पुढे फ्रान्सची आरोग्यमंत्री आणि १९७९ मध्ये युरोपीय संसदेची अध्यक्ष झाली, ती हीच. यावर उपाय एकच होता: शिक्के, सह्या आणि गावं सतत बदलत राहायची आणि एका घरातल्या सगळ्यांना एका साच्याची कार्डं द्यायची नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्रीत चाळीस कार्डं करताना तोच शिक्का पुन्हा उचलला जातो.

नीसची परिस्थिती तशीही वेगळीच होती. तोवर ते इटालियन सैन्याच्या ताब्यात होतं. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर एसएस या नाझी दलाचा आलोइस ब्रुनर तिथे आला आणि ज्यू ओळखण्यासाठी त्याची माणसं पुरुषांची सुंता झाली आहे का ते पाहू लागली. या तपासणीपुढे कुठलंच कार्ड चालत नव्हतं. बाप्तिस्म्याचा दाखला आणि शस्त्रक्रियेचं डॉक्टरी प्रमाणपत्र दाखवणारेही धरले जात. त्यामुळे मुलग्यांना शहरातून लवकरात लवकर हलवणं एवढंच हातात होतं.

तिथेच मूळचा दमास्कसचा मूसा अबादी आणि डॉक्टर ओदेत रोझेनस्टॉक यांनी बिशप पोल रेमाँ यांच्या मदतीने ५२७ मुलं लपवली. कागद बिशपच्या निवासस्थानात तयार होत, पण लहान मुलाच्या खिशात कार्ड नसतंच. त्याची ओळख त्याच्या तोंडात असते. म्हणून मठांत आणि वसतिगृहांत पाठवण्याआधी मुलांची तयारी करून घेतली जायची. तुझं नाव काय, आई कुठे असते, गावाचं नाव काय, हे प्रश्न दिवसभर, मध्येच, झोपेतून उठवूनसुद्धा. खऱ्या नावाने हाक मारायची आणि मुलाने वळून पाहायचं नाही. प्रार्थना पाठ हव्यात आणि चर्चमध्ये गुडघे कधी टेकायचे तेही माहीत हवं. चार-पाच वर्षांचं मूल नवं नाव पटकन उचलतं आणि तितक्याच पटकन जुनं विसरतं. आठ-दहा वर्षांचं दोन्ही धरून ठेवतं आणि घाबरलं की गोंधळतं. मोठी मुलं पाठांतरात पक्की, पण घरी पत्र लिहायचा मोह त्यांनाच आवरत नाही.

मूल विसरणार हे गृहीत धरल्यावर कुणीतरी लिहून ठेवणं भाग होतं. प्रत्येक मुलामागे खरं नाव, खोटं नाव आणि ठावठिकाणा यांची नोंद ठेवून ती लपवावी लागायची. यादी सापडली तर सगळी मुलं गेली. यादी नसली तर युद्धानंतर आईबापांना मूल सापडणार नाही. ओदेतला एप्रिल १९४४ मध्ये अटक झाली, आउश्वित्झ आणि बेर्गेन-बेल्सन दोन्ही छावण्या तिने पाहिल्या आणि ती परत आली. तिने यादी दिली नाही.

युद्ध संपल्यावर खोटं नाव टाकून देणं दरवेळी सोपं नसायचं. ज्याने त्या नावावर शाळा केली, पगार घेतला, त्याला आपणच तो हे साक्षीदार आणून सिद्ध करावं लागायचं, आणि साक्षीदार बरेचदा जिवंत नसत. काहींनी तेच नाव ठेवलं. मार्सेल मार्सोचं घरचं आडनाव मांजेल; फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मार्सो नावाच्या सेनानीवरून घेतलेलं नाव त्याला आयुष्यभर पुरलं. प्रतिकारातल्या काहींनी टोपणनाव घरच्या आडनावाला रीतसर जोडून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेल्या झाक शाबाँ-देल्मास यांच्यातलं ‘शाबाँ’ असं आलेलं आहे. कामिन्स्की मात्र खऱ्या नावाकडे परतला आणि कामही थांबवलं नाही: अल्जीरियाच्या स्वातंत्र्यसैनिकांपासून फ्रँकोच्या स्पेनमधल्या विरोधकांपर्यंत अनेकांसाठी तो १९७१ पर्यंत कागद करत राहिला. जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला, वयाच्या ९७ व्या वर्षी.